त्रेसष्ट सेक्टरांचा धुरा

भालकीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना एकच गोष्ट घसा फोडून सांगत आलोय, की बाबांनो, कॉपी काढून ठेवा. ऐकत कुणी नाही. मग डिस्क गेली की रडत येतात आणि मी त्यांना आधी दोन गोष्टी सुनावतो, मग काम हातात घेतो. माझा स्वभावच तसा तिखट आहे, बायकोही तेच म्हणते. पण गेल्या दसऱ्याला माझ्यावर अशी वेळ आली, की तेव्हापासून मी लोकांना सुनावणं बरंच कमी केलंय.

ती डिस्क होती अण्णांची. अण्णा म्हणजे आमच्या तालुक्यातले पुकारावाले. ऑटोवर भोंगा लावून गावोगाव पुकारा करत फिरायचे. बैलबाजार भरणार असो, पोलिओचा डोस असो, कुणाचं कापडाचं दुकान उघडणार असो, अण्णांच्या आवाजाशिवाय ती गोष्ट खरी वाटायची नाही. एकच बातमी ते तीन भाषांत सांगायचे. आधी मराठीत ‘ऐका हो मंडळी’, मग कानडीत ‘केळ्री, केळ्री’, आणि वेशीपलीकडच्या मोहल्ल्यात शिरले की ‘सुनो भई सुनो’. भाषा बदलायची तसा चेहराही बदलायचा. मी लहान असताना ऑटोमागं पळायचो ते त्यांचा चेहरा बघायला.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशात दुखणं निघालं. हैदराबादला ऑपरेशन झालं आणि आवाजाची पेटीच काढून टाकावी लागली. जीव वाचला, आवाज गेला. आता अण्णा गळ्याभोवती पातळ रुमाल बांधतात आणि बोलायचं असलं की शाळेतल्या पोरांची पाटी काढून तिच्यावर लिहितात. अक्षर मोठं ठसठशीत, ओरडल्यासारखं.

तरी ऑटो बंद पडला नाही, आणि याचं थोडं श्रेय मी घेतो. गेली बारा वर्षं अण्णा घरीच एका कॉम्प्युटरवर पुकारे रेकॉर्ड करायचे. ते सगळं कच्चं रेकॉर्डिंग त्यांनी जपून ठेवलं होतं. ऑपरेशननंतर आम्ही दोघांनी त्यातून एकेक शब्द कापून काढायला सुरुवात केली. सोमवार, मंगळवार, उद्या, परवा, सकाळी, गावांची नावं, जनावरांची नावं. नवा पुकारा आला की अण्णा पाटीवर लिहून द्यायचे आणि मी त्यांच्याच जुन्या शब्दांतून तो जोडून द्यायचो. ऐकणाऱ्याला संशय यायचा नाही. तयार झालेले वीसेक पुकारे ऑटोतल्या पेनड्राइव्हवर असायचे, पण बाकीचा सगळा आवाज, बारा वर्षांचा, त्या एका डिस्कवर होता. माणूस जिवंत होता आणि त्याचा आवाज लोखंडाच्या एका डबीत होता. ही गोष्ट मला चांगली माहीत होती, म्हणून पुढचं सांगताना अजून लाज वाटते.

दसऱ्याच्या आठवड्यात अण्णा आणि अक्का, म्हणजे त्यांच्या घरच्या, कॉम्प्युटर घेऊन आले. अण्णांनी पाटीवर लिहिलं, ‘लई हळू चालायलाय.’ मी डिस्क काढून बघितली आणि रोग लगेच सापडला. सापडला याचा मला जरा गर्वच झाला.

डिस्कवर सगळं लहान लहान खणांत लिहिलेलं असतं. त्या खणाला सेक्टर म्हणतात. जुन्या पद्धतीत पहिले त्रेसष्ट सेक्टर मोकळे सोडून पुढं डिस्कचे भाग पाडत, म्हणजे पार्टिशन करत. पुढं नव्या डिस्का आल्या. त्यांच्या आत आठ-आठ खणांचा एक कप्पा असतो आणि डिस्क लिहिते ती कप्प्याच्या हिशोबानं. त्रेसष्टला आठानं भाग जात नाही. त्यामुळं जुन्या पद्धतीनं भाग पाडला तर प्रत्येक गोष्ट दोन कप्प्यांच्या सांध्यावर पडते आणि एका कामाला डिस्कला दोनदा राबावं लागतं. अण्णांची डिस्क नव्या जातीची होती आणि भाग जुन्या पद्धतीनं पाडलेले होते. बारा वर्षं ती बिचारी दुप्पट राबत होती. आता भाग पाडताना दोन हजार अठ्ठेचाळीसपासून सुरुवात करतात. त्याला आठानं भाग जातो आणि सगळं कसं कप्प्यात नीट बसतं.

मी ठरवलं, सगळा डेटा दुसरीकडं कॉपी करायचा, जुने भाग पुसायचे, दोन हजार अठ्ठेचाळीसपासून नवा भाग पाडायचा आणि डेटा परत भरायचा. अण्णांना म्हणालो, “दसरा झाला की दुसऱ्या दिवशी चारला या. घोड्यावानी पळतंय का न्हाई बघा.”

आता माझी एक खोड सांगायला पाहिजे. टेबलावर एकावेळी सात-आठ डिस्का पडलेल्या असतात, सगळ्या दिसायला सारख्या. कुणाची कॉपी झाली, कुणाची राहिली, हे लक्षात राहावं म्हणून पूर्वी मी मार्करनं खूण करायचो. मार्कर माझ्याकडं टिकत नाही, कोण नेतं देव जाणे. काउंटरवर देवाच्या फोटोपाशी कुंकवाची डबी मात्र कायम असते. म्हणून कॉपी पूर्ण झाली की मी डिस्कला कुंकवाचं बोट लावतो. कुंकू लागलं म्हणजे डेटा सुरक्षित, आता हिला काहीही करायला मोकळे. इतकी वर्षं या पद्धतीनं मला कधी दगा दिला नव्हता.

खंडेनवमीला आमच्याकडं अवजारांची पूजा असते. शेतकरी औत पुजतो, शिंपी मशीन पुजतो, मी स्क्रू ड्रायव्हर पुजतो. पूजा दरवर्षी बायकोच करते. त्या दिवशी मी हार आणायला बाजारात गेलो होतो. तिनं मागं मन लावून पूजा केली. मॉनिटर, कीबोर्ड, सोल्डरिंगची कांडी आणि टेबलावरच्या सगळ्या डिस्का, एकही न सोडता सगळ्यांना हळदकुंकू लावलं. मी आलो, नमस्कार केला, नारळ फोडला. काही म्हणजे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. अण्णांच्या डिस्कवर कुंकू होतं. मनात म्हटलं, वा, कॉपी झालीय. डिस्क जोडली, दोन्ही जुने भाग पुसले आणि दोन हजार अठ्ठेचाळीसपासून एक मोठा नवा भाग पाडला. स्क्रीनवर प्रश्न आला, फॉरमॅट करायचं का? बोट बटणावर होतं. तेवढ्यात सहज माझी नजर शेजारच्या बंद पडलेल्या प्रिंटरवर गेली. त्याच्यावरही कुंकू होतं.

प्रिंटरची मी कधी कॉपी काढली, असा एक मूर्ख विचार मनात आला आणि दुसऱ्याच क्षणी बायकोची खंडेनवमीची पूजा आठवली. टेबलावरच्या सगळ्या डिस्का उलट्यासुलट्या करून बघितल्या. सगळ्या कुंकवानं माखलेल्या. माझ्या कॉम्प्युटरवर अण्णांच्या नावाचं फोल्डर उघडलं तर ते रिकामं होतं. बोट मी बटणावरून असं उचललं, जसं काही ते चुलीवर होतं.

एक गोष्ट बरी होती. फॉरमॅट झालं नव्हतं. म्हणजे आवाज डिस्कवर जागच्या जागी होता, फक्त तो कुठून सुरू होतो हे सांगणारी नोंद मी पुसली होती. घर आहे पण पत्ता नाही, अशी गत. हरवलेला डेटा शोधणारं सॉफ्टवेअर लावलं, तर ते म्हणालं तीस तास लागतील. अर्ध्या तासात डिस्कमधून टक्‌ टक्‌ आवाज यायला लागला. बारा वर्षं दुप्पट राबलेली डिस्क, तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवली तर ती मध्येच मान टाकणार. मी लगेच थांबवलं.

मग हातानं प्रयत्न केला. पहिला भाग त्रेसष्टपासून होता हे माहीत होतं, तो आकडा घातला आणि तो भाग उघडला. जीव भांड्यात पडला, पण घटकाभरच, कारण त्यात नुसतं विंडोज होतं. आवाज दुसऱ्या भागात होता आणि दुसरा भाग कुठून सुरू होतो हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या भागाचा आकार अडतीस जीबीच्या आसपास दिसत होता. पण इथं आसपास चालत नाही, एका सेक्टरनं चुकलं तरी दार उघडत नाही. खरं तर पहिल्या भागाच्या पहिल्याच सेक्टरात त्याची अचूक लांबी लिहिलेली असते. हे मला नंतर कळलं. त्या वेळी घाबरलेल्या माणसाला कुठलं काय सुचतंय.

सुचलं ते एवढंच, की ही डिस्क उस्तादांनी बसवली होती. उस्ताद म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो ते. बीदरला त्यांचं दुकान होतं. अण्णांनी बारा वर्षांपूर्वी कॉम्प्युटर तिथूनच घेतला होता. उस्तादांनी पुढं दुकान बंद केलं आणि औरादच्या अलीकडं आपल्या गावी जाऊन शेती धरली. फोन लावला तर लागेना. ते फोन घरी ठेवून वावरात जातात, मला माहीत होतं. दुकानाला कुलूप घातलं, मोटरसायकल काढली आणि तासाभरानं त्यांच्या शेताच्या कडेला जाऊन उभा राहिलो.

उस्ताद ज्वारी पेरत होते. पुढं बैल, मागं तिफण, डोक्याला टॉवेल. मला बघून त्यांनी औत थांबवलं नाही. टोकाला येईपर्यंत मला उभं ठेवलं, मग बैल वळवले आणि म्हणाले, “काय रे, सणाचं सोनं द्यायला आलास का रडायला आलास?”

मी सगळं सांगितलं. कुंकवाचं सांगितलं तेव्हा ते इतके हसले, की बैलांनी मागं वळून बघितलं. मला राग आला. म्हणालो, “उस्ताद, हसायलाव काय? तिकडं माणसाचा आवाज जायलाय.”

 मग त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. म्हणाले, “घाबरू नको बेटा. मी सगळ्यांची डिस्क एकाच मापानं कापायचो. पहिल्या भागाला पाच हजार सिलिंडर. पाच हजार लक्षात राहतात म्हणून. तुला शिकवलं होतं, विसरलास.”

खरंच विसरलो होतो. सिलिंडर हे डिस्क मोजायचं जुनं माप. ते माप म्हणजे सगळा खोटेपणाच होता. डिस्कच्या पोटात वाचणारी डोकी असायची दोन नाही तर चार, पण कॉम्प्युटरला सांगायचं दोनशे पंचावन्न. प्रत्येक डोक्याखाली त्रेसष्ट सेक्टर. दोघांचा गुणाकार सोळा हजार पासष्ट, तो झाला एक सिलिंडर. लग्नपत्रिकेवरच्या वेळेसारखं ते, खोटं आहे हे सगळ्यांना माहीत आणि तरी सगळे त्याच्याच भरवशावर निघणार. पण त्या खोट्या मापानंच अण्णांचा आवाज कापलेला होता, त्यामुळं मला आता तेच खरं धरून चालायचं होतं.

“आणि धुरा विसरू नको,” उस्ताद मागून ओरडले. मी गाडीला किक मारत होतो. धुरा म्हणजे शेताच्या कडेची पट्टी, जिथं बैल वळवायला जागा सोडतात. शिकवायच्या दिवसांत ते पहिल्या त्रेसष्ट सेक्टरांना धुराच म्हणायचे. मी नुसती मान हलवली. मला वाटलं, त्रेसष्टचं तर मी आधीच केलंय, हे म्हातारपणात तेच तेच सांगतायत.

दुकानात परत आलो तर चार वाजायला आले होते. अण्णा आणि अक्का बंद दारापुढं उभे होते. कुलूप काढून त्यांना आत बाकड्यावर बसवलं. अक्कांनी नवं लुगडं नेसलं होतं. दोघांनी मला आपट्याची पानं दिली.  अण्णांनी पाटीवर लिहिलं, ‘झालं का?’ मी म्हणालो, “होतंय की. बसा.” खोटं बोललो आणि कॉम्प्युटरकडं तोंड करून बसलो.

पाच हजार गुणिले सोळा हजार पासष्ट. आठ कोटी तीन लाख पंचवीस हजार. आकडा घातला. काही नाही. परत घातला, एकेक अंक बोट ठेवून वाचला. दार बंदच. मागं अक्का अण्णांना सांगत होत्या, की आता पुकारा कसा झटक्यात होईल बघा.  वाटलं, आता वळायचं आणि सांगून टाकायचं. कोणत्या तोंडानं सांगणार होतो, कोण जाणे.

डोळे मिटले आणि उस्तादांचं वावर दिसलं. मधे एक बांध होता. बांधाच्या अलीकडं ज्वारी पेरायची चालली होती, पलीकडं तूर उभी होती. तुरीची पहिली ओळ काही बांधाला चिकटून नव्हती. तिथंही बैल वळण्यापुरती पट्टी सोडलेली होती. पहिल्या वावराला धुरा असतो तसा दुसऱ्यालाही असतो. उस्ताद म्हातारपणात तेच तेच सांगत नव्हते. जुन्या पद्धतीत दुसऱ्या भागाच्या तोंडाशीही त्रेसष्ट सेक्टर मोकळे सोडलेले असतात, आणि मी तिफण थेट बांधावर टेकवली होती.

आठ कोटी तीन लाख पंचवीस हजार त्रेसष्ट.

एंटर दाबलं आणि स्क्रीनवर पिवळी फोल्डरं ओळीनं येऊन उभी राहिली. बारा वर्षांची, सालवार. मी खुर्चीत मागं टेकलो.  इतकं सुटल्यासारखं मला दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं. मनातल्या मनात उस्तादांच्या, त्यांच्या बैलांच्या आणि त्या खोट्या दोनशे पंचावन्न डोक्यांच्या पाया पडलो.

पण फोल्डर दिसणं वेगळं आणि आत आवाज असणं वेगळं. सगळ्यात जुनं फोल्डर उघडलं, पहिलीच फाइल लावली आणि स्पीकर मोठा केला.

आधी खरखर आली. मग कुणीतरी खाकरलं. मग तो आवाज आला, भरदार, थोडा घाईतला. “हॅलो, हॅलो. ऐका हो मंडळी, येत्या सोमवारी...” तिथं तो अडला. पाठ केलेलं विसरल्यावर माणूस जिभेनं च्यक् करतो तसा आवाज झाला. आणि मग माईकपासून तोंड फिरवून लांब हाक मारली, “अगं ए, चा आण की. घसा सुकायलाय.”

“आणायलेय, थांबा!” माझ्या मागून अक्का म्हणाल्या.

बाकड्यावरून त्या अर्ध्या उठल्याही होत्या. मग तशाच उभ्या राहिल्या, एक हात बाकावर ठेवून. अण्णा त्यांच्याकडं बघत होते. स्पीकरमधून पुढचा पुकारा चालू झाला होता, बैलांचा बाजार, सकाळी सहापासून, आणि दुकानात आम्ही तिघं त्यातलं काहीच ऐकत नव्हतो.

पहिल्यांदा अण्णा हसले. त्यांच्या हसण्याला आता आवाज नाही, खांदे तेवढे हलतात. मग अक्का पदर तोंडाला लावून रडल्या आणि रडता रडता हसल्या. मला माझं तोंड कुठं लपवावं कळेना, कारण असल्या हाका मीच दोन वर्षं कापून फेकत आलो होतो. शब्द काढताना मधलं खाकरणं, घरातली भांडणं, चहाच्या हाका सगळं कचरा म्हणून वगळायचो. मूळ रेकॉर्डिंग तसंच राहिलं होतं, ही डिस्कची कृपा.

मग मी सगळं खरं सांगितलं. कुंकवाचं, फॉरमॅटच्या बटणाचं, उस्तादांचं. अण्णांनी शांतपणे ऐकलं आणि पाटीवर लिहिलं, ‘आता तरी कॉपी काढ.’ अक्का म्हणाल्या, “कुंकू कामून लावायलास रे तिला? नाव लिही की. पेन न्हाई का तुझ्याकडं?” आणि आपल्या पिशवीतून एक पेन काढून माझ्यापुढं टाकलं.

त्यांच्यासमोरच मी दोन नव्या डिस्का काढल्या, दोन्हींचे भाग दोन हजार अठ्ठेचाळीसपासून पाडले आणि कॉपी लावली. स्क्रीनवरची हिरवी पट्टी हळूहळू सरकत होती. जुनी डिस्क टकटक न करता, शहाण्यासारखी एकेक वर्ष काढून देत होती. अण्णा स्क्रीनला नजर लावून बसले होते. मी विचारलं, “अण्णा, पेनड्राइव्हवर आधी काय टाकू? बाजाराचा पुकारा का पोलिओचा?”

अण्णांनी पाटी उचलली. मान फिरवून बाकड्याकडं बघितलं. अक्का तिथं नव्हत्या.

त्या समोरच्या हॉटेलातून रस्ता ओलांडून येत होत्या, एका हातात दोन ग्लास, दुसऱ्यात एक. एक मला दिला, एक स्वतःकडं ठेवला. तिसरा अण्णांच्या पुढ्यात कीबोर्डाच्या कडेला ठेवला आणि म्हणाल्या, “घ्या. आणला.”